पाळीतलं असह्य दुखणं आणि एंडोमेट्रिओसिस: मुली आणि त्यांच्या आया विचारतात ते प्रश्न

माझा दवाखाना सदाशिव पेठेत आहे. आजूबाजूला अभ्यासिका, मेस आणि कॉट बेसिसच्या खोल्या. लातूर, बीड, जळगाव, सांगलीकडून स्पर्धा परीक्षेसाठी आलेल्या मुली पेपरची तारीख जाहीर झाली की आधी बोटांवर मोजतात: त्या दिवशी पाळी येतेय का? स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून गेली कित्येक वर्षं मी ह्याच मुलींशी बोलते आहे. खालचे प्रश्न त्यांनी, त्यांच्या आयांनी आणि क्वचित वडिलांनी विचारलेले आहेत. प्रश्न मुलीचा आहे तिथे मी 'तू' म्हटलंय, पालकांचा आहे तिथे 'तुम्ही'. हे वाचून घरच्या घरी निदान करू नका. डॉक्टरांना काय सांगायचं आणि काय विचारायचं, एवढं मात्र इथून नक्की घेऊन जा.

पाळीत पोट तर सगळ्यांचंच दुखतं. माझंच वेगळं कशावरून?

थोडं दुखणं बहुतेकींना असतं. पाळी येताना गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात, त्यांच्यामुळे गर्भाशय आवळतं आणि कळा येतात. हे साधं दुखणं पहिली पाळी आल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभरात सुरू होतं. अंगावरून जायच्या जरा आधी किंवा सोबतच पोट दुखायला लागतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. गोळी घेतली, शेक घेतला की कामं होतात.

आता तुझं बघ. पाळीच्या चार-पाच दिवस आधीपासून ओटीपोट आणि कंबर भरून येते का? पाळी संपली तरी ठणका राहतो का? पाळीत शौचाला बसलं की खालून वर कळ जाते का? लघवीला दुखतं का? पाळी नसतानाही मधूनच ओटीपोट धरून बसावं लागतं का? शरीरसंबंध येत असेल तर आत खोलवर दुखतं का? मागच्या वर्षी एका गोळीत भागायचं, आता तीन लागतात, असं झालंय का? ह्यातलं एखाद-दुसरं जरी असलं तरी दाखवायला हवं. आणि दर महिन्याला कॉलेज, क्लास किंवा नोकरीचा एखादा दिवस बुडत असेल, तर बाकी काही जुळो न जुळो, दाखवच.

एंडोमेट्रिओसिस म्हणजे नेमकं काय?

गर्भाशयाच्या आत दर महिन्याला एक अस्तर तयार होतं आणि पाळीत ते बाहेर पडतं. त्या अस्तरासारखंच ऊतक गर्भाशयाच्या बाहेर वाढतं, तेव्हा त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. बीजकोशांवर, गर्भाशयाच्या मागच्या खोलगट जागेत, गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या बंधांवर, कधी मूत्राशयावर किंवा आतड्यावर. पाळीच्या हार्मोन्सना तेही प्रतिसाद देतं, पण तिथलं रक्त बाहेर जायला वाट नसते. मग सूज येते, व्रण होतात, आतले अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात जुनं रक्त साठून गाठ झाली तर तिच्या रंगावरून तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात.

हा कॅन्सर नाही, आणि तो कोणाकडून लागतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के, म्हणजे जगभरात जवळपास 19 कोटी स्त्रिया आणि मुलींना हा आजार आहे. त्रास सुरू झाल्यापासून निदान व्हायला 4 ते 12 वर्षं लागतात असंही हीच संघटना सांगते. माझं सगळं भांडण ह्या दुसऱ्या आकड्याशी आहे.

पाळीत केस धुतले, लोणचं खाल्लं, थंड पाणी प्यायले म्हणून झालं का?

नाही. पॅड, टॅम्पॉन किंवा कप वापरल्यानेही होत नाही. एकच एक कारण अजून हाती लागलेलं नाही. पाळीचं थोडं रक्त बीजनलिकांतून उलटं पोटात जातं हे बहुतेक स्त्रियांमध्ये घडतं, पण आजार काही जणींनाच होतो. त्यामागे आनुवंशिकता आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा ह्यांचा वाटा आहे असं मानतात. आईला किंवा सख्ख्या बहिणीला असेल तर तुझी शक्यता वाढते. तू काही चुकीचं केलंस म्हणून हे झालेलं नाही.

माझी मुलगी जेमतेम पंधरा वर्षांची आहे. एवढ्या लहान वयात असतं का हे?

असतं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये किशोरवयीन मुलींसाठी खास मार्गदर्शन काढलं. वेदनाशामक आणि हार्मोनच्या गोळ्या घेऊनही ज्यांचं दुखणं थांबत नाही, अशा मुलींच्या पोटात दुर्बीण घालून पाहिलं तर कमीत कमी दोन-तृतीयांश जणींमध्ये एंडोमेट्रिओसिस सापडतो, असं त्यात म्हटलंय. लहान वयात दुखणं पाळीपुरतंच असेल असंही नाही, ते मधल्या दिवसांतही येतं. त्यामुळे 'अभ्यास टाळायला पोटदुखीचं निमित्त करते' असा संशय घरात येतो. कृपा करून तो येऊ देऊ नका.

आणखी एक. मुलीला पाळी आलेलीच नाही, पण दर महिन्याला ठरावीक दिवशी पोट दुखतं, किंवा अगदी पहिल्या पाळीपासून भयंकर दुखतं, असं असेल तर पाळीचं रक्त बाहेर यायच्या मार्गात जन्मतः अडथळा असू शकतो. रक्त आत साठत जातं. ह्यावर वेळेत इलाज होतो, म्हणून अशा मुलीला लगेच दाखवा.

डॉक्टरच म्हणाले की लग्न झालं, मूल झालं की आपोआप थांबेल. खरं का?

ह्या प्रश्नाचं उत्तर मला जरा मोठं द्यायचंय, कारण हे वाक्य मीही बोललेली आहे.

मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. सोळा वर्षांची एक मुलगी आईबरोबर ओपीडीत आली होती. रांग दाराबाहेर गेलेली. मी तिचं पोट वरवर दाबून पाहिलं, गोळी लिहून दिली आणि आईकडे बघत म्हटलं, "लग्न झालं की कमी होतं हो." पाच वर्षांनी ती दुसरीकडे, मी नव्यानेच प्रॅक्टिस सुरू केली होती तिथे, पुन्हा माझ्यासमोर आली. तपासायला आडवी झाली तेव्हा तिच्या ओटीपोटावर जाळीसारखे तपकिरी डाग दिसले. गरम पाण्याच्या पिशवीचे. असे डाग एक-दोन शेकांत पडत नाहीत, कातडीने महिनोन्‌महिने उष्णता सोसावी लागते. सोनोग्राफीत दोन्ही बीजकोशांत चॉकलेट सिस्ट होत्या. जाताना ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं." मला ती आठवतही नव्हती. तेव्हापासून दुखण्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक मुलीचं पोट मी डाग बघायला म्हणूनसुद्धा नीट पाहते.

तर, लग्नाने काहीही बरं होत नाही. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काही जणींचं दुखणं तेवढ्यापुरतं दबतं आणि नंतर बऱ्याचदा परत येतं. मूल हा औषधोपचार नाही. वीस वर्षांच्या मुलीला दुखणं थांबवायला लग्न कर म्हणणं ह्यासारखा अन्याय नाही.

पीसीओडी आणि हे एकच का?

नाही. पीसीओडीत पाळी लांबते, चुकते, पुरळ येतं, नको तिथे केस वाढतात. दुखणं हे त्याचं मुख्य लक्षण नव्हे. दोन्ही एकाच मुलीला असू शकतात. रिपोर्टवर 'पीसीओ' लिहिलंय म्हणून दुखण्याचा शोध तिथेच थांबवू नये.

सोनोग्राफी नॉर्मल आली. मग दुखतं कशाने? सगळे म्हणतात टेन्शनने.

सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट दिसते, मोठी चिकटण दिसू शकते. पोटाच्या आतल्या पडद्यावर तिळाएवढे डाग असतील तर ते दिसत नाहीत, आणि तरुण मुलींमध्ये आजार बऱ्याचदा ह्याच रूपात असतो. म्हणून नॉर्मल सोनोग्राफीचा अर्थ 'गाठ दिसली नाही' एवढाच. एमआरआयलाही हीच मर्यादा आहे. सीए-125 ही रक्ततपासणीही निदानासाठी करू नये, ती इतर कारणांनीही वाढते आणि मुलीच्या घरच्यांना विनाकारण कॅन्सरची धास्ती बसते.

पूर्वी दुर्बिणीने पोटात पाहिल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या 'एश्रे' संस्थेने 2022 च्या मार्गदर्शिकेत ही अट सैल केली. लक्षणांवरून शंका असेल तर औषधं सुरू करता येतात. त्यासाठी आधी ऑपरेशन लागत नाही. माझ्या दृष्टीने मुलींच्या बाजूने झालेला हा फार मोठा बदल आहे. दुखण्याला नाव मिळेपर्यंत दुखणं सोसत बसायचं काही कारण उरलेलं नाही.

किती दुखतं आणि आत किती पसरलंय ह्याचाही सरळ हिशेब नसतो. चार डागांनी एखादी गडबडा लोळते, तर कोणाला मोठी गाठ असून पत्ताच नसतो.

माझं लग्न झालेलं नाही. आतून तपासणी करतील का?

तुझ्या परवानगीशिवाय कोणीही करणार नाही, आणि बहुतेक वेळा गरजही नसते. पोटावरून सोनोग्राफी करतात, त्यासाठी भरपूर पाणी पिऊन लघवी तुंबवून ठेवावी लागते. तपासणीच्या वेळी खोलीत बाई असावी, असा आग्रह धर. डॉक्टरांशी पाच मिनिटं एकटीने बोलायचं असेल तर तसं सांग, आई बाहेर थांबेल. शरीरसंबंध आलेला असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नकोस. त्यावरून आम्ही तुझं चारित्र्य ठरवत नाही, आम्हाला संसर्ग आणि गर्भधारणा ह्या दोन शक्यता तपासायच्या असतात.

मेफ्टाल-स्पास दर महिन्याला घेतली तर चालते का?

बहुतेकींना चालते, पण घ्यायची पद्धत बरेचदा चुकते. दुखणं डोक्यावरून पाणी जाईपर्यंत सोसायचं आणि मग गोळी घ्यायची, असं केलं की गोळी हरते. प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याआधी ती पोटात जायला हवी. म्हणून पाळीची चाहूल लागताच, काहीतरी खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसात पहिले दोन-तीन दिवस घड्याळ लावून घ्यायची. मेसचा डबा यायचाय म्हणून रिकाम्या पोटी घेऊ नकोस.

दमा, पोटातला अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी विचार. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर ही गोळी आणि आयबुप्रोफेनही टाळ, रक्तस्रावाचा धोका असतो. नोव्हेंबर 2023 मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने ह्याच गोळीतल्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल इशारा दिला होता: क्वचित कोणाला 'ड्रेस' नावाची गंभीर ॲलर्जी होते. गोळी सुरू केल्यावर ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं असं काही दिसलं तर गोळी बंद करून ताबडतोब डॉक्टरकडे जायचं.

तीन महिने नीट घेऊनही फरक पडत नसेल तर गोळ्या वाढवत बसू नकोस. पुढच्या उपचाराची वेळ झालेली आहे.

हार्मोनच्या गोळ्यांची भीती वाटते. मुलीला त्या द्यायच्या का?

गौरी-गणपती आले की माझ्याकडे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागायला रीघ लागते. आया मुलींनाही त्या देतात, कोणी घाबरत नाही. ती गोळी म्हणजे नॉरइथिस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं हार्मोन. तेच औषध एंडोमेट्रिओसिसवर वापरतात. मी दुखण्यासाठी लिहून दिलं की मात्र "हार्मोन? नको हो डॉक्टर" असं होतं. पूजेसाठी चालतं ते मुलीचं दुखणं थांबवायला का चालू नये, हे मी प्रत्येक आईला विचारते.

पर्याय बरेच आहेत. दोन हार्मोन्सच्या एकत्र गोळ्या, सलग घेतल्या तर पाळी येतच नाही. डायनोजेस्ट, हेही प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन, रोज 2 मिलिग्रॅम. किंवा गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन. सुरुवातीच्या महिन्यांत मधूनच डाग पडणं, डोकं दुखणं, मन उदास होणं असं होऊ शकतं. मन फारच खचत असेल तर लगेच सांगायचं, औषध बदलता येतं. डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी येणाऱ्या, किंवा रक्तात गुठळी झालेल्या मुलीला एकत्र गोळ्या देत नाहीत. अठराच्या आतल्या मुलीला डायनोजेस्ट दिलं तर हाडांकडे लक्ष ठेवावं लागतं. तात्पुरती रजोनिवृत्ती आणणारी इंजेक्शनंही हाडांसाठी बरी नाहीत, म्हणून वाढत्या वयात ती अगदी शेवटी.

ह्या औषधांनी वंध्यत्व येत नाही. बंद केली की बीज पुन्हा तयार व्हायला लागतं. आजार मुळापासून जातो असंही मात्र नाही. तो दबून राहतो.

पाळी आलीच नाही तर घाण रक्त आत साठत नाही का?

गोळ्या चालू असताना अस्तरच जाड होत नाही, त्यामुळे साठायला काही नसतं. आणि पाळीचं रक्त घाण नसतं.

दुर्बिणीचं ऑपरेशन कधी करायचं?

औषधांनी दुखणं आटोक्यात येत नसेल, गाठ मोठी असेल, किंवा निदानाबद्दल खरंच शंका असेल तेव्हा. पूर्ण भूल देऊन बेंबीतून दुर्बीण आत घालतात, आणखी दोन-तीन छोटी छिद्रं असतात. डाग दिसले तर त्याच वेळी काढतात किंवा जाळतात आणि तुकडा तपासायला पाठवतात. किशोरवयातले डाग पारदर्शक किंवा लालसर असतात, सरावाच्या नजरेलाच ते सापडतात. म्हणून ऑपरेशन ठरवताना सर्जनला सरळ विचारा: तुम्ही एंडोमेट्रिओसिसची ऑपरेशनं नेहमी करता का? राग मानणारा डॉक्टर निघाला तर दुसरं मत घ्या.

चॉकलेट सिस्ट काढताना बीजकोशातली काही चांगली बीजंही जातात. त्यामुळे दर दोन वर्षांनी ऑपरेशन हा मार्ग मला पटत नाही. एकदा नीट करावं आणि मूल नको असेल तोवर औषधाने आजार दाबून ठेवावा.

पुढे मूल होईल ना? आणि स्थळ बघताना हे सांगायचं का?

अनेकींना कोणत्याही उपचाराविना दिवस राहतात. काहींना अडचण येते, त्यांच्यासाठी उपचार आहेत. निदान झालेलं असेल तर मूल हवं असं ठरल्यावर वर्षभर वाट पाहू नये, लवकर भेटावं.

स्थळाचं म्हणाल तर, मुलगा पसंत पडला आणि बोलणी पुढे सरकली की मुलीने स्वतः त्याला सांगावं असं मला वाटतं. महिन्यातले काही दिवस ती झोपून राहू शकते, हे त्याला आधी माहीत असलेलं बरं. पत्रिकेबरोबर रिपोर्ट मात्र फिरवू नका.

आयुर्वेद, योगासनं, पथ्य ह्यांनी जाईल का?

शेकाने खरोखर बरं वाटतं. खोल्यांवरच्या मुली पाण्याच्या बाटलीत गरम पाणी भरून ओढणीत गुंडाळतात. बाटली मऊ पडून झाकण निघालं तर भाजतं. शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी रबरी पिशवी घ्या आणि मध्ये जाड कापड ठेवा. चालणं, आसनं ह्यांनीही दुखणं सुसह्य होतं. वर्षानुवर्षं दुखून ओटीपोटाचे स्नायू आखडलेले असतात, नसाही हळव्या होतात. त्यासाठी ओटीपोटाची फिजिओथेरपी करणाऱ्या तज्ज्ञ मिळतात. काढ्याने आतली चिकटण सुटते ह्याला मात्र माझ्या माहितीत पुरावा नाही. वैद्यांकडे जात असाल तर दोन्ही डॉक्टरांना सांगा, आणि पुडीवर नाव नसलेलं चूर्ण घेऊ नका.

लगेच हॉस्पिटल गाठायचं ते कधी?

अचानक एका बाजूला असह्य दुखून उलट्या सुरू झाल्या (बीजकोशाला पीळ पडलेला असू शकतो, तास महत्त्वाचे असतात), चक्कर येऊन पडली, ताप आणि पोट दगडासारखं झालं, पाळी चुकलेली असताना पोटात दुखतंय, किंवा तासाला एक पॅड भिजतंय. अशा वेळी रात्रीचे दोन वाजले असतील तरी रूम पार्टनरला उठव. अपेंडिक्स, मुतखडा, लघवीचा किंवा ओटीपोटाचा संसर्ग, आतड्याचे त्रास, आपल्याकडे जननेंद्रियांचा टीबीसुद्धा, हे सगळं ह्याच भागात दुखतं. म्हणून तर तपासून घ्यायचं.

पैसे कमी आहेत. पुण्यात कुठे जाऊ?

ससूनच्या स्त्रीरोग ओपीडीत जा. मंगळवार पेठेत महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय आहे, औंधला जिल्हा रुग्णालय, पिंपरीला वायसीएम. सकाळी लवकर जा, रांग असते. औषधाचं मूळ नाव लिहून घेतलं तर जनऔषधी दुकानात स्वस्त पर्याय आहे का ते विचारता येतं. ऑपरेशन ठरलं तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारायचं.

जाताना सोबत काय न्यायचं?

कालनिर्णयचं पान. खरंच सांगते. एका मुलीने ते आणलं होतं, तीन महिन्यांची पानं भिंतीवरून काढून. आई जशी चौकोनात दुधाचा हिशेब लिहिते तसं तिने पेन्सिलीने लिहिलं होतं: 'सात, दोन गोळ्या, क्लास नाही.' 'चार, एक गोळी, संडासला कळ.' 'नऊ, उलटी, पेपर अर्धा सोडला.' मला दहा मिनिटांत जे विचारून कळलं नसतं ते त्या तीन पानांवर होतं. दहापैकी किती दुखलं, किती गोळ्या, काय बुडलं, एवढंच लिहायचं. मोबाइलमध्ये लिहिलंस तरी चालेल. आधीचे रिपोर्ट, आधी घेतलेल्या औषधांची नावंही ने.

आईला कसं सांगू? ती म्हणेल, आम्ही नाही का सोसलं?

म्हणेल. तिने सोसलंय हे खरंच आहे, तिला तसं विचारणारं कोणी नव्हतं. तू फोनवर एवढंच म्हण: "आई, दर महिन्याला माझे दोन-तीन दिवस जातात, गोळीने थांबत नाही, मला डॉक्टरांना दाखवायचंय, तू येशील का?" ती जर म्हणाली की मलाही असंच व्हायचं, मी भिंतीला पाय लावून पडून राहायचे, तर तिला नीट विचार: किती वर्षं, मूल राहायला वेळ लागला का, गर्भपिशवी काढली असेल तर तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते. आणि ती जे सांगेल ते तुझ्या केसपेपरवर लिहून घ्यायला लाव.